साठ डांबर, चाळीस माती

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत कुणी नवं राहायला आलं, की परबकाका त्याचं नाव विचारत नाहीत. "गाव खंयचा? रस्त्याला डांबर किती, माती किती?" हा पहिला प्रश्न. माणूस गांगरतो, मग बिचारा खरंच टक्केवारी सांगायला लागतो.

निवृत्त झाल्यावर काकांनी डांबरी आणि कच्च्या दोन्ही रस्त्यांवर चालणारी मोटरसायकल घेतली, मालवणजवळच्या गावी जायला. तिचे टायर त्यांना पसंत नाहीत. तीन वर्षं झाली, नवे ठरतायत. गाडी पार्किंगमध्ये, आणि शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत काका.

"जाड गोट्यांचा बटण टायर मातीत झकास, पण हायवेवर पाचशे किलोमीटर घोंघावणार नि झिजणार. साधा घेतला तर घराजवळच्या चिखलात मी आडवा. म्हणून साठ-चाळीसवाला बघतोय. साठ डांबर, चाळीस माती."

"काका, पाचशेत तीन किलोमीटर माती. चाळीस टक्के कुठून आली?"

"अरे, माणूस पडतो त्या तीनातच ना!"

गळतीसाठी बोलावलेल्या सभेतही त्यांनी टायरच्या खाचांचा विषय काढला. सेक्रेटरी तर त्यांना पाहून मागच्या जिन्याने जातात. मीही जायचो, खोटं कशाला बोलू?

यंदा मे महिन्यात एका लग्नाला मी नेमका त्यांच्याच गावी गेलो. बघतो तर रस्ता थेट त्यांच्या अंगणापर्यंत सिमेंटचा! घराला कुलूप होतं, म्हणून रस्त्याचाच फोटो काढला. परत आल्यावर तो नाचवत पार्किंग गाठलं.

"काका, सुटलात! माती संपली. साधे टायर घ्या आणि निघा."

काकांनी फोटोकडे पाहिलंही नाही. "माका ठावक आसा. दोन शिमगे झाले रस्तो होवन."

"मग हे साठ-चाळीस?"

ते फडक्याने गाडीचा आरसा पुसत राहिले. "तुझी काकू गेली नि घरात बोलणारं कोण रवला नाय. गावाकडे पण कुलूपच. टायर ठरलो, तर तुम्ही कोण माझ्याकडे थांबतलात कित्याक?"

मला स्वतःची लाज वाटली. एकाच मजल्यावर राहून मी या माणसाला कधी साधं जेवलात का, असं विचारलं नव्हतं. त्या संध्याकाळी विचारलं.

"नाय," काका म्हणाले आणि खुर्चीतून उठले. "चल वर. घावने घालतो. अजून दोघांचंच पीठ भिजवतो रे मी."