काटेरी वादळाचं झुडूप

एका जंगलात नेट आलं होतं. कसं आलं, कुणी आणलं, हे विचारू नका मुलांनो. आलं होतं एवढं खरं. वेलींवरून यायचं आणि वारा सुटला की जायचं.

त्या जंगलात उमाजी नावाचं एक साळिंदर राहत होतं. त्याचा बाप दौलूनाना जन्मभर कंद उकरत आला होता. आजोबाही कंदच उकरायचे. उमाजीला मात्र गेम खेळायचा होता, आणि तोही सगळ्यांना दाखवत, लाईव्ह.

गेमचं नाव होतं 'शेवटचा प्राणी'. शंभर जणांनी एका जंगलात उड्या मारायच्या, एकमेकांना संपवायचं, आणि उरेल तो जिंकला. जंगलात राहून पुन्हा जंगलाचाच गेम कशाला, अशी शंका तुमच्यातल्या हुशार मुलांना येईल. हुशार मुलांनी जरा गप्प बसावं.

लाईव्हवर उमाजीचं नाव होतं 'काटेरी वादळ'. बघणारे होते दोनशे बारा. पण त्याचं चित्र भयंकर होतं. नुसते चौकोन. हिरवे चौकोन, तपकिरी चौकोन, मधूनच एखादा लाल. बघणारे आपापसांत वाद घालायचे.

"तो डावीकडचा हिरवा चौकोन म्हणजे वादळ."

"छे, ती झाडी आहे. वादळ कधीच पुढे गेलं."

"काय स्पीड आहे राव."

उमाजी हे वाचायचा आणि त्याचा जीव तुटायचा. त्याच्या स्वतःच्या पडद्यावर सगळं लख्ख दिसत होतं. लोकांना दिसत नव्हतं. आपला खेळ एकदा नीट दिसला की जंगल आपल्याला डोक्यावर घेईल, मधे हे मेलं चित्र आडवं येतंय, अशी त्याची पक्की खात्री होती. ही खात्री त्याला रोज सकाळी उठवायची. कंदांपेक्षा जास्त पोट भरायची.

तर एका रविवारी दवंडी पिटली गेली. वनराज चषकासाठी एका खेळाडूची निवड होणार होती. निवड समितीचे चिटणीस कोल्हेसाहेब शनिवारी प्रत्येकाचा खेळ लाईव्ह बघणार होते. अट एकच, चित्र सुस्पष्ट असावं.

दौलूनानानं ती दवंडी ऐकली आणि पोराला समोर बसवलं.

"उमा, लई झालं. निवड झाली तर खेळ बाबा जन्मभर, मी एक शब्द बोलणार नाही. नाही झाली तर सोमवारपास्नं माझ्याबरोबर उकरायला यायचं."

"होईल नाना. फक्त चित्र तेवढं सुधारू दे."

"सुधार की. मला तरी बघू दे, तू दिवसभर करतोस काय ते."

आता या जंगलाची एक रीत तुम्हाला सांगायला हवी. कुणाचं काही अडलं की सगळ्यांनी सल्ला द्यायचा. ज्याचं अडलं त्यानं प्रत्येक सल्ला एक दिवस पाळायचा. नाही म्हणणं म्हणजे अपमान. आणि सल्ल्यांचा क्रम ठरलेला, आकारमानाप्रमाणे. सगळ्यात मोठा प्राणी सगळ्यात आधी. कुणाला त्यातलं कळतं, हा प्रश्न त्या जंगलात कधी कुणी विचारलाच नव्हता. तुमच्या शाळेत विचारतात का?

सोमवारी हत्तीकाका आले. त्यांनी सोंडेनं खुणावून सेटिंग उघडायला लावलं.

"हा आकडा कसला?"

"हजार ऐंशी. चित्र केवढं मोठं पाठवायचं ते."

"आणि ह्यापेक्षा मोठा आकडा आहे का यात?"

"आहे की. एकवीसशे साठ."

"मग तो ठेव," हत्तीकाका म्हणाले. "मोठं ते चांगलं. माझंच बघ."

उमाजीनं तो ठेवला. त्या दिवशी चौकोन इतके मोठे झाले की सगळ्या पडद्यावर मिळून नऊच मावले. हत्तीकाका म्हणाले, "बघ, मोठं झालं." आणि समाधानानं डुलत निघून गेले.

मंगळवारी गवा आला. त्यानं तोंडावर झगझगीत दिवा लावायला सांगितलं. तेच नऊ चौकोन झगझगीत दिसू लागले, आणि जंगलातले झाडून सगळे पतंग बिळात जमले. बुधवारी अस्वलानं कॅमेऱ्याची काच पुसायला हवी असं सांगितलं आणि कुणाची वाट न बघता स्वतःच जिभेनं पुसून दिली. त्याआधी त्यानं मध खाल्लेला होता. पुढचं मुंग्यांनी बघितलं.

गुरुवारी चितळ आलं. ते शहराच्या वेशीपर्यंत जाऊन आलेलं होतं, त्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन होतं. त्यानं एवढंच सांगितलं, की चित्राच्या कोपऱ्यात ठळक अक्षरात 'एचडी' असं लिहून टाक. उमाजीनं लिहिलं. अकरा जणांनी कळवलं की आज बरंच स्वच्छ दिसतंय.

शुक्रवार उजाडला. आणखी एकच दिवस हातात होता. उमाजी बिळाच्या तोंडाशी बसून बापाचं उकरायचं फावडं बघत होता. ते त्याच्या हाताला आत्तापासूनच जड वाटत होतं. खरं सांगतो, त्याला रडू येत होतं.

तेवढ्यात ताराक्का आल्या. ताराक्का चिचुंद्री. वीस पावसाळे त्या तुटलेल्या वेली जोडत होत्या. नेटमधलं त्यांना जेवढं कळत होतं तेवढं अख्ख्या जंगलात कुणाला कळत नव्हतं. म्हणून नव्हे, पण आकारानं सगळ्यात लहान म्हणून त्यांची पाळी शेवटी.

"नेटचा वेग मोजलास का रे?" त्यांनी विचारलं.

"मोजला की. पन्नास आहे. झकास आहे."

"तो येणारा. जाणारा किती?"

जाणारा वेग वेगळा असतो, हेच त्याला ठाऊक नव्हतं. मोजला तर भरला चार.

"मग असं बघ," ताराक्का म्हणाल्या. "समोरच्या त्या अरुंद पायवाटेनं गव्यांचा सगळा कळप एकदम हाकललास तर काय व्हईल?"

"चेंगराचेंगरी."

"तुझ्या चित्राची तीच गत झालीया. वाट केवढी ते बघायचं आणि मग जनावरं सोडायची. आधी तो आकडा खाली आण. सातशे वीस कर."

उमाजीच्या अंगावर काटा आला, म्हणजे होता तो उभा राहिला. "कमी करू? ताराक्का, लोक काय म्हणतील?"

"लोकांना दिसंल. मग काय म्हणायचं ते म्हणतील. सेकंदाला साठ चित्रं पाठवतोस ती तीस कर. आन् बिटरेट, म्हंजे सेकंदाला किती माल धाडायचा तो आकडा, तो तीनाच्या वर नको. चाराची वाट हाय, थोडी मोकळी ऱ्हाऊ दे. बिळाला तीन वळणं हायत, हवेतनं नेट पोचंल कसं? ही घे वायर. आन् खेळतोस तेवढा वेळ घरात दुसऱ्या कुणी काय बघायचं न्हाई."

अर्ध्या तासात काम झालं. ताराक्का शेपटी झटकून गेल्या. चहासुद्धा घेतला नाही.

शनिवार आला. उमाजीचं चित्र स्वच्छ झाल्याची बातमी जंगलभर पसरली होती. बघणारे झाले तीन हजार. कोल्हेसाहेब चष्मा लावून बसले. दौलूनाना आयुष्यात पहिल्यांदा पडद्यासमोर येऊन बसला.

गेम सुरू झाला. काय चित्र होतं मुलांनो! पानापानाच्या शिरा दिसत होत्या. गवतावरचं दहिवर दिसत होतं. आणि काटेरी वादळ दिसत होतं. ते उडी मारून उतरलं, इकडे तिकडे बघून एका झुडपात जाऊन बसलं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली.

"चित्र अडकलंय का?" एकानं विचारलं.

"माझंही अडकलंय. पुन्हा लावून बघतो."

"पुन्हा लावलं, तरी अडकलेलंच."

उमाजीला राहवलं नाही. त्यानं लिहिलं, "अडकलेलं नाही. मी बसलोय."

उमाजी नेहमी असाच खेळायचा. त्याला तो डावपेच वाटायचा. बाकीचे एकमेकांना मारून संपतात, आपण टिकून राहतो. आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशीही तोच शेवटचा प्राणी ठरला. शंभरांत पहिला आला. पण तोपर्यंत तीन हजारांतले सात उरले होते, आणि त्यातले चार बसल्या जागी झोपले होते.

दौलूनाना उठला. चिडला नव्हता तो, खरोखरच कोड्यात पडला होता.

"उमा, झुडपात बसायला एवढा खटाटोप कशापायी? आपल्या बिळामागं हाय की झुडूप."

इतकी वर्षं उमाजीला वाटत होतं की नानांना एकदा दिसलं की कळेल. आज दिसलं होतं. आता कशावरही खापर फोडायची सोय उरली नव्हती.

कोल्हेसाहेबांनी चष्मा काढून पुसला. "चित्र उत्तम आहे. तीच अडचण आहे."

"पण साहेब, सुस्पष्ट चित्राची अट तुमचीच होती."

"होती. तेव्हा आम्ही बघितलं नव्हतं. उद्या संध्याकाळपर्यंत वेळ देतो. चित्र सुधारा."

"कसं सुधारू?"

"पूर्वीसारखं."

उमाजी धावत ताराक्कांकडे गेला. त्या एका मुळाशी बसून वेल जोडत होत्या.

"ताराक्का, ते परत बिघडवून द्या."

ताराक्कांनी मान वर केली नाही. "मला निस्तं दुरुस्त करता येतं, बाबा. बिघडवायचं असंल तर हत्तीकाकांस्नी बोलीव."

हत्तीकाका आनंदानं आले. त्यांनी सोंडेनं वायर उपटली आणि सगळ्यात मोठा आकडा ठेवायला लावला. रविवारी दुपारी काटेरी वादळ पुन्हा लाईव्ह आलं. नऊ चौकोन. शिवाय चितळाच्या मानाखातर कोपऱ्यात 'एचडी'.

"आला रे आला!"

"तो हिरवा चौकोन बघ, काय पळतोय!"

तीन हजारांचे पाच हजार झाले. कोल्हेसाहेबांनी तिथल्या तिथे निवड जाहीर केली. दुसऱ्या दिवशी हत्तीकाकांचा सत्कार झाला. ताराक्कांना समज देण्यात आली, की यापुढे मोठ्यांनी केलेल्या कामात ढवळाढवळ करू नये. त्या समज घेऊन पुन्हा वेल जोडायला गेल्या, कारण सत्काराच्या गडबडीत हत्तीकाकांचा पाय तिच्यावर पडला होता.

त्या रविवारी दौलूनानाही बघत होता. चौकोनांकडे टक लावून बघता बघता त्याचे डोळे भरून आले.

"मला काय बी कळलं न्हाई," तो म्हणाला, "पण पोरगं कायतरी लई मोठं करतंय." आणि फावडं उचलून तो एकटाच कंद उकरायला निघाला.

उमाजी झुडपात बसल्या बसल्या त्याच्या पाठीकडे बघत राहिला. मग त्यानं मान वळवली, कारण पाच हजार जण बघत होते. निदान त्यांना तसं वाटत होतं.

तात्पर्य, ज्यांना ते लागतंच त्यांच्यासाठी: ज्याला खरोखर कळतं त्याचा सल्ला हमखास लागू पडतो. म्हणून तो सहसा घेऊ नये.