फळी शाबूत ठेवण्याची परीक्षा

धुलाईच्या दुकानावरच्या मजल्यावर तायक्वांदोचा एक वर्ग चालतो आणि त्यावर कोणाचीही देखरेख नाही, ही गंभीर बाब सर्वप्रथम एका पालकांच्या लक्षात आली. त्यांची मुलगी तिथे लाथ मारायला शिकत होती. लाथ उत्तम बसत होती, त्याबद्दल तक्रार नव्हती.

"पण ती उत्तम बसते हे ठरवणारं वर कोणी आहे का?" त्यांनी वर्ग घेणाऱ्या ताईंना विचारलं.

"वर गच्ची आहे," ताई म्हणाल्या.

हे उत्तर उद्धट मानलं गेलं आणि पालकांची सभा भरली. त्या भागात तायक्वांदोचे वर्ग दोनच. एक ताईंचा. दुसरा सायकलच्या दुकानामागे, उडीसरांचा. उडीसर उडी फार सुंदर घेत. खाली कसे येतील याची मात्र त्यांनाही कल्पना नसे. दोन वर्ग म्हणजे दोन पद्धती, आणि दोन पद्धती म्हणजे अराजक, यावर सभेचं एकमत झालं. 'तायक्वांदो नियामक मंडळ' स्थापन झालं. अध्यक्षपदी पडद्याच्या कापडाचे व्यापारी निवडले गेले. त्यांचा तायक्वांदोशी काडीचाही संबंध नव्हता, म्हणून ते निःपक्षपाती होते. शिवाय त्यांच्याकडे स्वतःचा माइक होता.

"मंडळाचे फायदे अनेक आहेत," ते माइकवरून म्हणाले. "ते कोणते, हे ठरवण्यासाठीच मंडळ स्थापन केलं आहे."

पदाधिकाऱ्याकडे काळा पट्टा हवा, असं घटनेत आधी लिहून झालं. तो मंडळातल्या कोणाकडेच नाही, हे नंतर लक्षात आलं. घटना बदलणं बरं दिसलं नसतं. म्हणून ज्यांना लाथ मारता येत नाही पण सभेला वेळेवर येता येतं, त्यांच्यासाठी 'प्रशासकीय काळा पट्टा' निर्माण करण्यात आला. एक बाई सदस्य हवी होती. ताई वर्ग घेत असल्यामुळे अपात्र. तेव्हा ताईंच्या सासूबाईंना घेतलं. सासूबाई भाजी घेऊन परतत होत्या, त्यांना जिन्यातच पट्टा बांधण्यात आला.

"कंबरेला आधार बरा मिळतो गं याचा," घरी येऊन त्या सुनेला म्हणाल्या आणि तो पट्टा बांधूनच त्यांनी भाजी निवडली.

मंडळाने धडाक्यात काम सुरू केलं. पहिली तक्रार धुलाईवाल्याची होती: वर पोरं लाथेबरोबर ओरडतात तेव्हा खाली इस्त्रीवाला दचकतो आणि विजारीला दोन घड्या पडतात. यावर उपसमितीने सखोल विचार केला. ओरडणं हा या कलेचा आत्मा असल्याने ते बंद करता येणार नाही; मात्र यापुढे विद्यार्थ्यांनी मनातल्या मनात ओरडावं, असं ठरलं.

ताईंच्या वर्गात एक मुलगी होती. नाव विचारलं तरी मान खाली घालणारी. वर्षभर खपून ताईंनी तिच्या गळ्यातून खणखणीत आरोळी काढली होती, आणि त्या आरोळीमागून हळूहळू बाकीचे शब्दही आले होते. मनातल्या मनात ओरडायला तर तिला पहिल्यापासूनच येत होतं. ती वर्गाला येईनाशी झाली. ताईंनी अध्यक्षांना हे सांगितलं.

"म्हणजे नियमाचं पालन होतंय," अध्यक्ष समाधानाने म्हणाले.

मग कोणाच्या तरी नाकाला लाथ लागली. त्यावर असं ठरलं की लाथ मारण्यापूर्वी समोरच्याला 'मी आता लाथ मारत आहे, आपली काही हरकत आहे का?' असं विचारावं आणि उत्तराला पुरेसा अवधी द्यावा. उडीसरांची मुलं हुशार निघाली. ती प्रत्येक लाथेला हरकत घेऊ लागली. वार्षिक स्पर्धेत त्यांनी एकही पाय न उचलता सगळी पदकं नेली, आणि खेळातल्या दुखापतींचं प्रमाण शून्यावर आल्याबद्दल मंडळाने स्वतःचा सत्कार केला.

यानंतर पट्ट्यांची छाननी सुरू झाली. ज्या प्रशिक्षकाच्या गुरूची मंडळाकडे नोंदणी नाही, त्याचा पट्टा अवैध. ताईंचे गुरू वारले होते.

"त्यांनी हयातीतच नोंदणी करायला हवी होती," अध्यक्ष म्हणाले.

"अहो, तेव्हा मंडळच नव्हतं!"

"बघा. म्हणूनच मंडळाची किती गरज होती."

"आणि उडीसर? त्यांचे गुरू कोण?"

उडीसर भिंतीवरची चित्रं बघून शिकले होते. त्यांना गुरूच नव्हता; त्यामुळे गुरूची नोंदणी नसल्याचा ठपका त्यांच्यावर येत नव्हता.

ताईंचा काळा पट्टा जमा झाला आणि त्यांना पांढरा देण्यात आला. वर्ग चालू ठेवायचा असेल तर परीक्षा द्यावी लागणार होती. नापास झाल्यास सगळी मुलं उडीसरांकडे. परीक्षक म्हणून सासूबाईंची नेमणूक झाली. हितसंबंधांचा मुद्दा कोणीतरी काढला, पण सासू आणि सून यांचं हित एक असल्याचं एकही उदाहरण सभेला आठवेना. मुद्दा बारगळला.

परीक्षेच्या सकाळी दोघी स्वयंपाकघरात होत्या.

"आई, आज नक्की काय करायचंय मला?"

"सांगायला मनाई आहे गं," सासूबाई म्हणाल्या आणि लगेच आवाज खाली आणून सांगू लागल्या. "फळी तोडू नकोस."

"अहो, पण परीक्षाच फळी तोडण्याची आहे ना?"

"होती. पण फळी मंडळाची. मालमत्तेचं नुकसान करेल तो नापास. पाय फळीपाशी न्यायचा आणि थांबायचं. मनात आणलं असतं तर तोडली असती, असं फळीला वाटलं पाहिजे."

ताई आधी पोट धरून हसल्या. मग हसू मावळलं. "आणि फळीला तसं वाटलं, हे कोण ठरवणार?"

"मी," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "तुझ्या सासऱ्यांच्या मनात काय चाललंय तेसुद्धा मला कधी कळलं नाही, आणि आता फळीच्या मनातलं ओळखायचं!"

पडद्यांच्या गोदामात परीक्षा झाली. झाडून सगळे पालक खुर्च्यांवर बसले होते. मंडळाचे दोन सदस्य फळी धरून उभे राहिले. त्यांच्या पोटांवर उशा बांधल्या होत्या. फळीखाली गादी होती, फळीला लागू नये म्हणून.

"उमेदवाराने मनातल्या मनात ओरडावे," अध्यक्षांनी माइकवरून सूचना दिली.

ताईंनी वाकून नमस्कार केला. आपण गप्प राहिलो तर वर्ग वाचतो, हे त्यांना ठाऊक होतं. कोणता वर्ग वाचतो, हेही ठाऊक होतं. त्या मागे सरकल्या, वळल्या, आणि जी आरोळी फुटली तिने गोदामातले पडदे हलले. फळीचा एक तुकडा गादीवर पडला. दुसरा थेट माइकवर.

सगळे पालक खुर्च्या सोडून उठले. टाळ्यांचा कडकडाट झाला. कोणी शिट्टीही मारली. असं काही पाहायला मिळेल म्हणून तर त्यांनी एकेकाळी मुलांना तायक्वांदोला घातलं होतं.

टाळ्या संपेपर्यंत अध्यक्ष थांबले. मग माइकशिवाय म्हणाले, "फळी तुटलेली आहे. सबब उमेदवार नापास. निर्णय मान्य नसेल त्यांनी हात वर करावा."

पालक खाली बसले. प्रत्येकाने उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे पाहिलं, आणि मग खुर्ची नीट करण्यात दोन्ही हात गुंतवले.

एकच हात वर आला. सासूबाईंचा.

"परीक्षकांना हात वर करता येत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मग काय वर करू? पाय तर होत नाही माझा!" सासूबाई कडाडल्या. त्यांनी पट्टा सोडला, त्याची नीट घडी घातली, टेबलावर ठेवला आणि कंबरेवर हात ठेवून सुनेबरोबर बाहेर पडल्या.

वर्ग बंद झाला. मुलं उडीसरांकडे गेली आणि हरकती घेण्यात तरबेज झाली. ताई आता घरीच, पुढच्या खोलीत शिकवतात. विद्यार्थिनी एकच; भाजी निवडून झाली की खुर्चीची पाठ धरून ती पाय आता स्टुलाच्या उंचीपर्यंत नेते आणि प्रत्येक वेळी ओरडते.

ताईंना रस्त्यात पालक भेटतात. "तुमच्यावर सरळसरळ अन्याय झाला हो," असं एकजात सगळे म्हणतात.

"मग हात का नाही वर केला?"

"शेजारच्यांनी केला असता तर लगेच केला असता."

शेजारचेही हेच सांगतात. हे वाचून तुम्हाला त्या पालकांची चीड आली असेल, येणारच. तुम्ही तिथे असतात तर नक्कीच हात वर केला असता. फक्त आधी जरा उजवीकडे पाहिलं असतं, मग डावीकडे.