उजव्या हाताचा पुरावा

साहेबांनी तीन दिवसांची रजा नाकारली, एवढंच निमित्त झालं. नाहीतर परदेशी जायचं स्वप्न वगैरे लिफ्टकाकांनी कधी पाहिलं नव्हतं. एकोणीस वर्षं लिफ्टदुरुस्तीत घालवलेल्या माणसाला वर जाण्याचं फारसं अप्रूप उरत नाही. (वर गेलेलं सगळं शेवटी खालीच येतं आणि मध्ये अडकलं तर आपल्यालाच बोलावतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.)

त्या दुपारी ते एका आठ मजली इमारतीत लिफ्टच्या टपावर बसले होते. जोडीदार बल्ब आणायला गेला होता. जोडीदार बल्ब आणायला गेला की तासाभराची निश्चिंती असे. वेळ जाईना म्हणून त्यांनी मोबाइल काढला, तर समोर जाहिरात. परदेशातल्या एका कंपनीला अनुभवी लिफ्ट मेकॅनिक हवे होते. खाली हिरवं बटण होतं : ‘अर्ज करा.’ बटण दिसलं की दाबून पाहायचं, ही धंद्यातली सवय. त्यांनी दाबलं.

आठ दिवसांनी मुलाखत ठरली. मोबाइलवर, समोरासमोर, इंग्रजीतून.

कॉलेजात जाणाऱ्या लेकीनं जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर ठळक अक्षरांत उत्तरं लिहून ती मोबाइलमागच्या भिंतीला चिकटवली. बायकोनं खुर्चीवर चादर टाकली. लिफ्टकाकांनी वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा असा अर्धा परदेशी पोशाख केला. पलीकडून एक बाई बोलू लागल्या. त्या शब्द असे गिळत होत्या, की दहातले तीनच बाहेर येत. पण अनुभव, केबल, ब्रेक, मोटर हे सगळं व्यवस्थित पार पडलं. मग बाईंनी शेवटचा प्रश्न टाकला. तो कॅलेंडरवर नव्हता.

“डू यू हॅव द राइट टु वर्क हिअर?”

लिफ्टकाकांना ‘राइट’ ऐकू आलं, ‘वर्क’ ऐकू आलं. त्यांनी उजवा हात उचलून बाईंना दाखवला.

“येस मॅडम. राइट. ओन्ली राइट. लेफ्ट हँड फक्त सपोर्ट.”

बाईंना त्यातलं नेमकं काय कळलं कोण जाणे. पण त्या खूश होऊन “एक्सलंट!” म्हणाल्या आणि मुलाखत संपली. लेक तेव्हा शेजारच्या खोलीत हसू आवरत बसली होती, त्यामुळे हा प्रश्न तिच्या कानावर पडलाच नाही. पुढचं सगळं रामायण टळलं असतं ते इथंच.

चौथ्या दिवशी पत्र आलं. नोकरी पक्की! लिफ्टकाकांनी पहिल्या चार ओळी घरात मोठ्यानं वाचल्या आणि मोबाइल खिशात ठेवला. खालचा मजकूर बारीक होता, आणि बारीक मजकूर वाचायचा नसतो अशी त्यांची आयुष्यभराची श्रद्धा होती.

“व्हिसाचं काय?” बायकोनं विचारलं.

“नोकरी मिळाली की व्हिसा मागोमाग येतो. डब्याबरोबर झाकण येतं तसा.”

“आपल्या घरात किती डब्यांना झाकणं आहेत, एकदा मोजा. आधी चौकशी करा, मग काय ते जगाला सांगा.”

पण तोवर जगाला सांगून झालं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. (त्याआधी तो आरशासमोर तीनदा ठेवून पाहिला होता.) कंपनीनं निरोपाला भलीमोठी, चार चाकांची सूटकेस दिली. लिफ्टकाकांनी आपली लिफ्टची दारं उघडायची चावी, पान्हे आणि आपल्याच हाताखाली तयार झालेला एक मेकॅनिक कंपनीच्या हवाली केला. ते राहत त्या इमारतीतल्या लोकांनी गच्चीवर निरोपसमारंभ केला. पाचव्या मजल्यावरच्या निवृत्त गणिताच्या बाईंनी भाषण केलं, “हा माणूस आपल्यातून वर चालला आहे,” आणि मग जीभ चावून “म्हणजे परदेशी” असं जोडलं.

आणि मग, परतीचे सगळे दोर कापून झाल्यावर, एका निवांत सकाळी लिफ्टकाकांनी तो बारीक मजकूर वाचला. एक तारखेला हजर व्हावं. येताना ‘राइट टु वर्क’चा पुरावा आणावा.

“बघ,” ते बायकोला म्हणाले, “किती काटेकोर लोक आहेत! मी उजव्या हातानं काम करतो म्हटलं, तर पुरावा मागतायत.”

ते तडक डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी हात वाकवून, दाबून, पिळून पाहिला आणि शिक्क्यानिशी लिहून दिलं : ‘उजवा हात उत्तम स्थितीत असून सर्व कामास योग्य आहे.’ लिफ्टकाकांनी तो कागद इंग्रजीत करून घेऊन परदेशी धाडला.

दोन दिवसांनी उत्तर आलं. तुमचा हात बरा आहे हे वाचून आनंद झाला, असं बाईंनी अगदी मनापासून लिहिलं होतं. मात्र आम्ही तुमच्या हाताबद्दल नव्हे, तर आमच्या देशात काम करण्याच्या परवान्याबद्दल विचारलं होतं. तो तुमच्याकडे आहे असं तुम्ही हात वर करून सांगितलं होतंत.

हे पत्र मात्र लेकीनं वाचलं. आधी ती हसली, मग बापाचा चेहरा बघून पाणी घेऊन आली.

त्यानंतरचे बारा दिवस लिफ्टकाका व्हिसाच्या कचेरीत रांगेला उभे राहिले. खिडकीतला कारकून माणूस म्हणून वाईट नव्हता, फक्त दमलेला होता.

“कंपनीचं हमीपत्र?”

“नोकरीचं पत्र आहे.”

“ते नोकरीचं झालं. तुम्हाला परवाना मिळावा म्हणून कंपनीनं सरकारकडे हमी द्यावी लागते. ते पत्र आणा, मग व्हिसा.”

लिफ्टकाकांनी परदेशातल्या बाईंना कळवलं. बाईंचं उत्तर आलं : आम्ही हमी देत नाही. तुम्ही व्हिसा घेऊन या, नोकरी तुमचीच आहे. ते उत्तर घेऊन लिफ्टकाका पुन्हा खिडकीशी गेले. कारकुनानं ते दोनदा वाचलं.

“म्हणजे नोकरी आहे.”

“हो.”

“पण व्हिसा मिळाल्यावर.”

“हो.”

“आणि व्हिसा हमीपत्र मिळाल्यावर.”

“हो.”

“मग आता काय करणार?”

“हेच मी तुम्हाला विचारायला आलोय,” लिफ्टकाका म्हणाले. कारकुनानं सहानुभूतीनं मान हलवली आणि मागच्या माणसाला पुढे घेतलं.

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? शेजाऱ्यांना खरं सांगून टाकलं असतं. पण गच्चीवर हार घालून घेतलेल्या माणसाला शहाणपण सुचत नाही. निघायची तारीख सगळ्यांना ठाऊक होती. त्या दिवशी सकाळी टॅक्सी आली. अख्खी इमारत खाली जमली. लिफ्टकाका सूटकेस घेऊन टॅक्सीत बसले, बायकोकडे पाहून त्यांनी रुमालात तोंड लपवलं (सगळ्यांना वाटलं विरहानं), आणि टॅक्सी कोपऱ्यावरून वळली. तीन चौक पुढे जाऊन त्यांनी टॅक्सी सोडली आणि एका बागेच्या बाकावर दुपारी अडीच वाजेपर्यंत बसून राहिले.

अडीचला इमारत झोपते. लिफ्टनं गेलं तर आवाज व्हायचा, म्हणून ते जिन्यानं निघाले. सहावा मजला, शहाण्णव पायऱ्या. एकोणीस वर्षं दुसऱ्यांचे जिने वाचवणाऱ्या माणसाला चौथ्या मजल्यावर स्वतःच्या गुडघ्यांचं वय कळलं. सूटकेसला चार चाकं होती, पण जिन्यावर चाकांचा उपयोग फक्त आपटायला होतो. दार उघडून बायकोनं आधी सूटकेस आत घेतली, मग त्यांना.

“लवकर आलात,” ती म्हणाली. “विमान वेळेवर होतं वाटतं.”

तिथून लिफ्टकाकांचा परदेशवास सुरू झाला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघरात. चपला बंद, मोजे घालून चालणं. खिडकीशी उभं राहणं बंद. बेल वाजली की कपाटामागे. खोकला आला की उशीत. दारात शेजारणी येत, बायको हलक्या आवाजात काहीतरी सांगे, त्या ‘अरेरे’ म्हणत, आणि मग एकदम मोठ्यानं विचारत, “काय म्हणतायत काका तिकडे? थंडी फार का?” कपाटामागे लिफ्टकाकांना बायकोचं भारी कौतुक वाटे. आपल्यासाठी बिचारी किती खोटं बोलते!

दिवसाकाठी ते सात-आठ अर्ज पाठवत. आता प्रत्येक अर्जात पहिल्याच ओळीत लिहीत, की मला परवाना नाही. प्रामाणिकपणाचा लगेच परिणाम झाला : उत्तरं यायची बंद झाली. मधल्या वेळात बायको काही ना काही हातात देई, ते नीट करत बसायचे. तेवढ्यापुरतं माणसाला बरं वाटतं.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी चारच्या सुमारास, इमारतीची लिफ्ट ‘खटक’ असा आवाज करून थांबली. तो आवाज ऐकताच लिफ्टकाकांच्या हातातला चहाचा कप थांबला. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये, हे त्यांना बसल्या जागी कळलं. मग आतून घंटी वाजू लागली. मग गणिताच्या बाईंचा आवाज आला. बाई बहात्तर वर्षांच्या, वर दम्याचा त्रास.

लेकीनं दाराबाहेर जाऊन चौकशी केली. काकांच्याच जुन्या कंपनीला फोन झाला होता. नवा मेकॅनिक, काकांच्याच हाताखाली तयार झालेला पोरगा, शहराच्या दुसऱ्या टोकाला होता, यायला पाऊण तास लागणार होता.

लिफ्टकाका बसून राहिले. घंटी वाजत राहिली. मग घंटी थांबली. ते जास्त वाईट होतं.

बायकोनं त्यांच्या हातातला कप काढून घेतला. 

“माझी चावी कंपनीत जमा आहे,” ते म्हणाले.

“आणि पायमोज्यांच्या खणात आहे ती?”

प्रत्येक मेकॅनिककडे एक चोरून केलेली चावी असते, आणि प्रत्येक मेकॅनिकच्या बायकोला ती कुठं असते ते ठाऊक असतं. लिफ्टकाका उठले. पायजम्यावर, मोज्यांवर तसेच जिना चढून गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले. मागोमाग बायको. त्यांनी मेन स्विच पाडला. ब्रेकचा दांडा तिच्या हातात दिला.

“मी ‘सोड’ म्हटलं की दाब, ‘धर’ म्हटलं की सोड.”

“हे काय भलतंच?”

“दांडा दाबला की ब्रेक सुटतो. भांडू नकोस, त्या कोंडल्यात आत.”

तिनं दांडा दाबला. त्यांनी दोन्ही हातांनी मोठं चाक फिरवायला घेतलं. इंचाइंचानं लिफ्ट खाली उतरली. घामानं शर्ट अंगाला चिकटला. पण तीन आठवड्यांत पहिल्यांदा त्यांना आपण काय करतोय ते नीट समजत होतं. दोरावरची तिसऱ्या मजल्याची खूण जुळली, ते ‘धर’ म्हणाले आणि तिनं दांडा सोडला. ते धावत तिसऱ्या मजल्यावर गेले, चावी घातली, दार सरकवलं.

गणिताच्या बाई पिशवीवर बसल्या होत्या. चेहरा पांढराफटक. लेकीनं पाणी दिलं, कुणीतरी दम्याचा पंप आणला. हळूहळू श्वास जागेवर आला. तोवर निम्मी इमारत तिथं गोळा झाली होती, आणि निम्म्या इमारतीसमोर लिफ्टकाका पायजम्यात उभे होते.

“आजच आलो,” ते म्हणाले. “सुट्टीवर.”

 एकानं उगाच छताकडे पाहिलं.

“बसा जरा,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून बारीक होता. “तीन आठवडे तुम्ही माझ्या डोक्यावर मोजे घालून चालताय. चपला घातल्या असत्यात तर मी लक्षही दिलं नसतं. चोरपावलांनी माणूस जास्त वाजतो. आणि रोज सकाळी साडेसहाला खोकता.”

“म्हणजे... तुम्हाला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच होतं हो, काका,” मागून कुणीतरी म्हणालं. “म्हटलं, तुम्ही स्वतःहून याल तेव्हा या.”

एवढ्यात नवा मेकॅनिक धापा टाकत जिना चढून आला. उघडी लिफ्ट पाहिली, लिफ्टकाकांना पाहिलं, आणि घाबरून त्यांच्या पाया पडला. मग साहेबांना फोन लावून त्यानं तो लिफ्टकाकांच्या कानाला लावला.

“कुणाच्या परवानगीनं हात लावलात?” साहेब.

“कुणाच्याच नाही, साहेब.”

पलीकडे साहेबांनी घसा खाकरला.

“बाई ठीक आहेत?”

“आहेत.”

“सोमवारी या. पण नवीन भरती म्हणून. सहा महिने त्या पोराच्या हाताखाली. आणि रजा मागायची नाही.”

“नाही मागत,” लिफ्टकाका म्हणाले. त्यांना इतकं थकल्यासारखं झालं होतं, की आनंद झाला तरी तो पायऱ्यांवर बसूनच घ्यावा लागला.

घरी आल्यावर त्यांनी बायकोला विचारलं, “तू त्यांना काय सांगितलं होतंस?”

“खरं ते. पहिल्याच दिवशी. म्हटलं, व्हिसा नाही मिळाला, जरा लाजलेत, हाक मारू नका.”

“मग मला का नाही सांगितलंस? तीन आठवडे मी कपाटामागे उभा राहिलो!”

बायको थोडी घुटमळली. “सांगणार होते. चौथ्याच दिवशी सांगणार होते. पण त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरातला नळ नीट केलात. मग कपाटाचं दार. मग शिलाई मशीन, इस्त्री, माळ्याची फळी. एकोणीस वर्षं ‘रविवारी बघू’ ऐकत आले हो मी.” तिनं पान्हा उचलून त्यांच्या हातात ठेवला. “बाथरूमची कडी तेवढी राहिलीय. ती झाली की सांगणारच होते. आता सोमवारच्या आत करून टाका.”