कारवाईवाल्या बाई

दबोराबाईंनी बटण दाबलं तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि शिरूरच्या त्या वाचनालयात त्यांच्याशिवाय कोणी नव्हतं. निरोप तीनच वाचकांना पाठवायचा होता. पण नव्या संगणकात ‘निवडक’ आणि ‘सर्व’ ही बटणं इतकी चिकटून बसवली होती, की बोट एकावर ठेवावं आणि दबावं दुसरं. पडद्यावर हिरवी ओळ उमटली : ‘४१२ सभासदांना संदेश पाठवला.’

चारशे बारा म्हणजे गेल्या पंधरा वर्षांत पुस्तक नेऊन परत न आणलेला प्रत्येक माणूस. संगणक बसवणाऱ्या सम्राटने जुनी रजिस्टरं मोठ्या हौसेने त्यात भरली होती. संदेशाचा मजकूर अध्यक्ष बापूसाहेबांचा होता : ‘आपल्याकडील पुस्तकाची मुदत संपली आहे. त्वरित जमा करावे, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल.’ खाली दबोराबाईंचा मोबाइल नंबर.

“कसली कारवाई, बापूसाहेब?” त्यांनी तेव्हा विचारलं होतं.

“ते ज्यानं त्यानं मनात धरायचं. आपण नुसतं लिहायचं.”

त्यांनी घाईघाईने सम्राटला फोन लावला. “मेसेज माघारी घेता येतो का हो?”

“गेलेला कसा येईल, मॅडम? पण डिलिव्हरी बघा ना, तीनशे नव्वदला पोचलाय. लई भारी.”

साडेदहापासून माणसं यायला लागली. कवठे येमाईच्या एका बागायतदाराने कांद्याच्या गोणीतून सात पुस्तकं आणली. निमोण्याहून सरपंचपदाचा एक उमेदवार आला आणि हळूच विचारू लागला, “बाई, ह्यानं माझा फॉर्म बाद तर न्हाई ना व्हनार?” एकाने भलत्याच वाचनालयाचं पुस्तक आणलं आणि पोच मिळाल्याशिवाय हलेना. साडेअकराला खुद्द बापूसाहेब पिशवी घेऊन आले. तीन पुस्तकं त्यांनी नावं खाली करून टेबलावर ठेवली. “घरात सापडली,” ते म्हणाले. “कुणी आणली काय माहीत.” मग एवढी गर्दी बघून त्यांना घरी जाववेना. पेपर घेऊन ते खिडकीशी बसले.

दहा वर्षांत वाचनालयात इतकी माणसं एका दिवशी आली नव्हती. दबोराबाई पुस्तकं झटकत होत्या, नावं शोधत होत्या, आणि मधूनच दाराकडे बघत होत्या. कारण चारशे बारांत पीटर होते.

पीटर दौंडला रेल्वेत होते. त्यांची आत्या शिरूरला मिशन कंपाउंडात राहायची. दर शनिवारी ते आत्याला भेटायला येत आणि आत्याला भेटायच्या आधी वाचनालयात येत. दबोराबाई नवं पुस्तक आलं की कपाटात मागे सरकवून ठेवायच्या, शनिवारपर्यंत. दोघांचं बोलणं पुस्तकापलीकडे कधी गेलं नाही. फार तर, “ऊन फार आहे,” किंवा “चहा घेणार का?” इतकंच. मग त्यांची बदली झाली. जाताना एक जाडजूड पुस्तक नेलं आणि म्हणाले, “द्यायला येईनच.”

त्याला सहा वर्षं झाली. एक दिवस उशीर झाला तरी वाचकाला पोस्टकार्ड टाकणाऱ्या दबोराबाईंनी पीटरना एकही कार्ड टाकलं नाही. पुस्तक परत आलं, की त्यांचं येण्याचं कारणही संपलं असतं. तीन वर्षांपूर्वी नाताळच्या सकाळी मात्र त्यांनी धीर करून फोन लावला. पलीकडून बाईमाणसाचा आवाज आला, “हालो.” दबोराबाईंनी फोन ठेवला. माणसाचा संसार झाला, चांगलं झालं, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. त्या वर्षी त्यांच्या करंज्या जळाल्या.

पावणेबाराला त्यांचा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं : पीटर, दौंड. दबोराबाई फोन घेऊन कपाटामागे गेल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “हॅलो.”

“कारवाईवाल्या बाई तुमीच का?”

आवाज तोच होता. नाताळातला.

“मी दौंडवरनं निघाले बगा. अडीचपत्तुर येते यष्टीनं. तवर काय करू नका.”

फोन बंद झाला. दबोराबाईंनी मागच्या खोलीत जाऊन वेणी पुन्हा घातली. पीटरच्या बायकोशी काय बोलायचं, तेही ठरवलं : पुस्तक राहू द्या तुमच्याकडेच, आमच्याकडे दुसरी प्रत आहे. दुसरी प्रत नव्हती.

अडीचला दारात पासष्टीची एक नऊवारीतली बाई उभी राहिली. तिने पिशवीतून सातवीच्या भूगोलाचं गाइड काढून टेबलावर ठेवलं.

“घ्या. घरात येवढंच पुस्तक हाय. नातीचं हाय, पन तिचं वरीस सरलंय.”

“तुम्ही पीटरांच्या घरच्या?” दबोराबाईंनी विचारलं.

“कोन पीटर? मी साखरबाई. दौंडला भाजी इकते.”

“आमच्याकडून पुस्तक कधी नेलं होतं तुम्ही?”

“मला वाचाया कुठं येतंय. पन नातीनं मेसेज वाचून दावला. म्हनलं, सरकारी हाय, आसंल नेलं.”

“हा नंबर तुमच्याकडे कधीपासून आहे?”

“झाली की चार-साडेचार वर्सं. पुतन्यानं कार्ड घिऊन दिलं.”

दबोराबाई खुर्चीत बसल्या. तीन वर्षं त्यांनी मनातल्या मनात या बाईला बरीच नावं ठेवली होती.

“आता आलं ध्यानात,” साखरबाई म्हणाल्या. “त्यो रेल्वेतला व्हय? त्यानं यकदा सोता फोन केल्ता. म्हनला, मावशी, माझा फोन रुळात पडला, ह्यो माझा जुना नंबर. शिरूरच्या वाचनालयातनं कुनी इचारलं तर माझा नवा नंबर द्या. दुसऱ्या कुनाला देऊ नगा.”

“मग?”

“मग कुनी इचारलंच न्हाई. येक फोन आल्ता नाताळात. मी हालो म्हनते तर तिकडनं ठिवलाच. मला वाटलं, कंपनीचा.”

“कंपनीचाच असेल,” दबोराबाई म्हणाल्या.

नवा नंबर साखरबाईंच्या घरी भिंतीवर होता, गॅसच्या वर. नात मोनालीला सुनेच्या मोबाइलवर गाठलं. तिने आकडे वाचले आणि शेवटच्या आधीचा अडला. “तीन हाय का आठ, कळंना आजी. फोडनी उडालीया.”

“दोन्ही लावा,” खिडकीशी बसलेले बापूसाहेब म्हणाले. त्यांच्या पेपरचं पान तासाभरात उलटलं नव्हतं.

तीन लावल्यावर कासुर्डीचा मंडपवाला निघाला. त्याने लग्नाची तारीख विचारली. दबोराबाईंनी “चुकून लागला” म्हणून फोन ठेवला आणि आठ लावला. बराच वेळ वाजला.

“हॅलो,” पलीकडून कोणी म्हणालं, आणि दबोराबाईंनी आवाज ओळखला.

“शिरूर वाचनालयातून बोलतेय.”

“बोला.”

“तुमच्याकडे आमचं एक पुस्तक आहे. मुदत संपलीय.”

“सहा वर्षं झाली.”

“हो.”

“सगळ्यांना तुमचं कार्ड यायचं,” पीटर म्हणाले. “आत्या सांगायची ना, एक दिवस चुकला तरी बाई कार्ड टाकते. मी नवा पत्तासुद्धा तिच्याकडे देऊन ठेवला होता. मला एकही आलं नाही. वाटलं, हा माणूस नाही आला तरी चालेल, असं असेल.”

दबोराबाईंनी टेबलावरचं गाइड उचललं, पुन्हा ठेवलं.

“पोस्टकार्डं संपली होती.”

“सहा वर्षं?”

“सहा वर्षं.”

पीटर हसले की खोकले ते कळलं नाही. “मी मनमाडला असतो आता,” ते म्हणाले. “एकटाच. पुस्तक आहे अजून. पोस्टाने पाठवू का?”

“पोस्टाने आम्ही घेत नाही,” दबोराबाई म्हणाल्या. “नियम आहे.”

बापूसाहेबांनी पेपर खाली केला. वीस वर्षं ते अध्यक्ष होते, आणि असला नियम त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी दबोराबाईंकडे पाहिलं, मग पलीकडे जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “आहे की. कमिटीचा ठराव आहे. समक्षच आणायचं.”

“व्हय,” साखरबाईंनी मान हलवली. “म्हनून तर मी बी सोता आले.”