लपलेली पानं आणि बिनशेपटीचा ड्रॅगन

"चहा निवायच्या आत काम होईल," चिन-माओ म्हणाला आणि खरोखरच चहाचा पेला खिडकीत ठेवून बाह्या सारून बसला.

त्याची बायको युए-चिन दाराला टेकून उभी होती. हे वाक्य तिनं लग्नापासून पुष्कळदा ऐकलं होतं.

"स्कूटर उघडलीस तेव्हाही चहाच होता," ती म्हणाली.

"स्कूटरची गोष्ट वेगळी. हा संगणकाचा मदरबोर्ड आहे. यात माझी हयात गेलीय."

हे अगदीच खोटं नव्हतं. ताओयुआनच्या एका मदरबोर्ड कंपनीत त्यानं बरीच वर्षं काढली होती. फक्त तो बोर्ड बनवत नसे. बोर्डाच्या खोक्यात जी माहितीपुस्तिका टाकतात, ती तो लिहीत असे. 'या भागातील सेटिंग्ज बदलू नयेत, बदलल्यास होणाऱ्या परिणामांस कंपनी जबाबदार राहणार नाही,' हे वाक्य झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्यानं स्वल्पविरामासकट म्हणून दाखवलं असतं. पुढे पुस्तिका छापणंच बंद झालं, आणि चिन-माओ बायकोच्या माहेरी, लुकांगला, सासऱ्यांच्या भरतकामाच्या कारखान्यात हाताशी आला. गल्लीत सगळे त्याला इंजिनियर म्हणत. त्यानंही कुणाचं मन मोडलं नाही.

सासरे शी वान-फू देवळांसाठी भरतकाम करत. पताका, पालख्यांचे पडदे, देवांचे झगे. पूर्वी सगळं हातानं चाले, आता एक भलंमोठं यंत्र सुया चालवी आणि त्या यंत्राला चालवी एक म्हातारा संगणक. तो बदलायची सोय नव्हती, कारण यंत्राला जोडणारं कार्ड जुन्याच बोर्डाच्या खाचेत बसे. नव्या बोर्डांवर तशी खाचच नसते. म्हातारा कामाला चोख होता. दुखणं एकच, त्याचा पंखा. तो असा घोंगावे की जणू कारखान्यात हेलिकॉप्टर उतरतंय आणि काही केल्या टेकत नाहीये. वान-फूंना काम करताना रेडिओवरचं संगीत नाटक लागे, पण त्या आवाजात नायिका रडतेय की हसतेय, हे त्यांना शेजारी विचारून यावं लागे.

आता, संगणक जागा झाला की सगळ्यात आधी एक नखाएवढी चिप वाचतो. मी कोण, माझे हातपाय कुठे, पंखा किती फिरवायचा, सगळं तिच्यात लिहिलेलं. तिला बायोस म्हणतात. त्यातली काही पानं कंपन्या मुद्दाम लपवून ठेवतात, आणि पंख्याचं पान त्यातलंच होतं. जुन्या बोर्डांच्या शौकिनांनी मात्र यावर तोड काढली होती. चिपमधला मजकूर काढायचा, त्यात थोडी चिरफाड करायची, लपलेली पानं उघडी करायची आणि मजकूर परत चिपमध्ये लिहायचा. चिन-माओनं हे सगळं इंटरनेटवर आठवडाभर वाचलं होतं. वाचण्यात तो कुणाला हार जाणारा नव्हता.

"पण आजच कशाला?" युए-चिन म्हणाली. "रविवारी माझूदेवीची मिरवणूक. उद्या पताका द्यायची. ड्रॅगनचं शेपूट अजून भरायचंय."

यंत्राच्या चौकटीत लाल मखमल ताणलेली होती. तिच्यावर सोनेरी ड्रॅगन, डोळे वटारलेला, मिशा फुलवलेला, पोटापर्यंत अगदी राजबिंडा, आणि पुढे एकदम काहीच नाही.

"म्हणूनच आज. बाबा देवळाच्या समितीत जेवायला गेलेत. परत येतील, यंत्र चालू असेल, आणि आवाज नसेल. बघ कसे चकित होतात."

चकित होण्याबद्दल त्याचा अंदाज बरोबर ठरला.

मजकूर निघाला, चिरफाड झाली, लिखाण सुरू झालं. पडद्यावरची हिरवी पट्टी टोकाला पोचली आणि 'यशस्वी' अशी अक्षरं उमटली. चिन-माओनं बायकोकडे एक कटाक्ष टाकला आणि संगणक बंद करून पुन्हा चालू केला.

पडदा काळा. बराच वेळ काळा. पंखा मात्र सुरू झाला, आणि आता त्याला आवरणारं कुणीच नसल्यामुळे तो असा पिसाळला की भिंतीवरचं कॅलेंडर फडफडू लागलं.

"हे शांत झालंय का?" युए-चिननं ओरडून विचारलं.

चिन-माओच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो फोन घेऊन गल्लीत धावला, कारण आत स्वतःचा आवाजही ऐकू येत नव्हता. कंपनीतला त्याचा जुना मित्र तोंग-यान खराखुरा इंजिनियर होता. त्याला त्यानं गाठलं.

समोरच्या ओट्यावर आ-शुए काकू बुटक्या स्टुलावर बसून सुरीनं कालवं सोलत होत्या. त्यांचं लक्ष कालवांवर होतं. कान मात्र मोकळे होते.

"गेला रे," चिन-माओ फोनवर म्हणाला. "नाही, अगदीच गेला नाही. धाप लागलीय नुसती. पण डोळे उघडत नाहीये."

काकूंची सुरी थांबली.

"सकाळपर्यंत ठणठणीत होता. मीच मारला. म्हातारा होता कबूल, पण अजून दहा वर्षं सहज काढली असती. आता रविवारचं काय करू? शेपूट कोण लावणार?"

शेपटाचं काकूंना कळलं नाही. पण पुढचं कळलं.

"काय? दुसऱ्याचा मेंदू काढायचा? चालू असताना? जिवंतपणी? आणि तो जगेल ना नंतर?"

काकूंनी कालवांचं घमेलं तिथंच टाकलं आणि त्या देवळाच्या दिशेनं सुटल्या. त्यांचे गुडघे दुखतात, असं गल्ली वर्षानुवर्षं ऐकत आली होती. त्या दिवसानंतर कुणी ते मानलं नाही.

देवळात समितीची पंगत बसलेली. काकू खांबाला धरून उभ्या राहिल्या.

"चला सगळे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "वान-फूला जावयानं मारलं. आता दुसऱ्याचा मेंदू घालतायत."

टेबलाभोवतीची सगळी डोकी एकाच माणसाकडे वळली. वान-फूंच्या तोंडातून शेवया लोंबत होत्या. त्या त्यांनी सावकाश आत ओढल्या, चावल्या, गिळल्या.

"कधी?" त्यांनी विचारलं.

काकूंनी त्यांना पाहिलं आणि मटकन खाली बसल्या. कुणीतरी पाणी दिलं. मग काकूंनी ऐकलेलं शब्दन् शब्द सांगितलं. म्हातारा, धाप, डोळे उघडत नाहीत, शेपूट. 'शेपूट' म्हटल्याबरोबर वान-फूंच्या हातातल्या जेवायच्या काड्या खाली पडल्या. स्वतःच्या मरणाची बातमी शांतपणे पचवलेला माणूस ताडकन उठला.

"माझा संगणक," ते म्हणाले.

ते घरी पोचले तेव्हा जावई यंत्रापुढे शाळेत अंगठे धरून उभ्या केलेल्या पोरासारखा वाकून उभा होता. वान-फूंनी काळा पडदा पाहिला, पिसाळलेला पंखा ऐकला आणि भिंतीतून वायर उपटली. शांतता पसरली.

"आ-माओ, काय करत होतास?"

"आवाज कमी करत होतो, बाबा."

"झाला."

यापेक्षा ते रागावले असते तर बरं, असं चिन-माओला वाटलं. एकोणचाळीस देवळांना पताका देणारं हे घर. आजवर एकही पताका उशिरा गेलेली नव्हती, आणि देवीपुढे अर्धा ड्रॅगन धरायचा म्हणजे सबंध गावात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. युए-चिननं ते पाहिलं, आणि जिभेवर आलेलं स्कूटरचं वाक्य गिळून टाकलं.

"तोंग-यान काय म्हणाला ते सांग," ती म्हणाली.

उपाय होता. अगदी असाच दुसरा बोर्ड हवा. तो त्याच्या चांगल्या चिपवर चालू करायचा, चालू असतानाच ती चिप अलगद उपटायची, जागी आपली मेलेली बसवायची आणि तिच्यावर पहिलीचा मजकूर लिहायचा. एकदा जागा झालेल्या संगणकाला चिपची गरज नसते. फक्त मध्ये तो बंद पडता कामा नये. पडला तर दोन्ही गेले.

"असा बोर्ड आता कुठे मिळणार?" चिन-माओ म्हणाला.

वान-फूंनी हातातली वायर खाली ठेवली. "आम्ही दोन एकदम घेतले होते, स्वस्तात. दुसरा देवळामागं आहे. म्हाताऱ्यांच्या मंडळात."

हे सांगताना त्यांचा चेहरा कडू झाला. वृद्ध मंडळात दिवसभर गाणी चालत, आणि 'कामधंदा नसलेल्यांचं कोकलणं' म्हणून वान-फू तिकडे पाऊलही टाकत नसत. निदान गल्लीची तशी समजूत होती.

मंडळात तो संगणक कराओकेच्या, म्हणजे पडद्यावरचे शब्द बघत गायच्या, कपाटात बसवलेला होता. कपाट देवळाच्या सुतारानं केलेलं. एकही खिळा न मारता, नुसत्या सांध्यांवर आणि सरसावर उभं. करवत घेतल्याखेरीज संगणक बाहेर निघणं शक्य नव्हतं. मागची एक फळी तेवढी सरके, आणि त्या फटीतून एक हात कसाबसा आत जाई.

"दोन दिवस तुमची चिप द्या," वान-फूंनी हात जोडले.

आ-शुए काकू तोवर माइक हातात घेऊन तयार होत्या. मरणाच्या धक्क्यातून त्या लवकर सावरल्या होत्या. "रविवारी देवळापुढं आमचं गाणं आहे. तालमी कशावर करायच्या? तुझ्या पंख्यावर?"

"मग निदान थोडा वेळ थांबा. आ-माओ काम करेल."

"माझा नंबर आहे. मी गाणार. तुला काय करायचं ते मागून कर."

आणि काकूंनी गाणं लावलं. इलाज नव्हता. चिन-माओ कपाटामागे उताणा झोपला, हात फटीत घातला. चिमटा काकूंचाच होता, भुवयांचा. सुरांच्या धक्क्यानं फळ्या थरथरत होत्या. काकू वरच्या पट्टीत गेल्या की तो हात मागे घेई, खाली आल्या की पुढे नेई. एका संथ ओळीत त्यानं डोळे मिटले आणि चिप उपटली.

गाणं चालूच राहिलं. कपाटामागून सुटकेचा असा मोठा उसासा आला की काकूंना ती दाद वाटली.

चांगली चिप युए-चिननं मुठीत धरली, पोराचा पडलेला दात धरावा तशी. मेलेली जागी बसली. युए-चिननं दुसऱ्या हातानं समोरून कळ दाबली, लिखाण सुरू झालं, आणि हिरव्या पट्टीची चौकट नेमकी गाण्याच्या शब्दांवर येऊन बसली.

"शब्द दिसत नाहीत," काकू माइकमध्येच म्हणाल्या.

"थांबू नका, आठवेल ते गा," चिन-माओ मागून ओरडला. त्याला आत्ताच मंडळाच्या एका आजोबांनी सांगितलं होतं की गाणं संपलं आणि लगेच दुसरं लावलं नाही, तर हा संगणक आपोआप बंद होतो. बटण कुणाला सापडत नसे म्हणून ती खास सोय करून घेतली होती.

पट्टी गोगलगायीसारखी सरकत होती. काकूंचं शेवटचं कडवं आलं. गाण्यांची यादी त्या चौकटीखाली झाकलेली. आजोबा चष्मा शोधू लागले, कुणी रिमोट उलटा धरला, काकूंनी शेवटचा सूर जमेल तेवढा ताणला. त्या लाल झाल्या. सूर तुटायला आला.

तेवढ्यात वान-फूंनी आजोबांच्या हातातून रिमोट घेतला आणि यादीकडे न बघता, तोंडपाठ, एका गाण्याचे पाच आकडे दाबले.

नवं गाणं सुरू झालं. सगळं मंडळ त्यांच्याकडे बघत राहिलं.

"अंदाजानं दाबले," वान-फू म्हणाले.

"हे तर दोघांनी गायचं गाणं आहे," काकू म्हणाल्या आणि दुसरा माइक त्यांच्यापुढे धरला.

पुढच्या प्रसंगाचं वर्णन वान-फूंच्या अब्रूखातर आवरतं घेऊ. ते गायले. आवाज त्यांच्याच पंख्याचा होता, पण शब्द एकही चुकला नाही. त्यांच्या तिसऱ्या कडव्याला पट्टी टोकाला लागली. चिन-माओनं मेलेली, म्हणजे आता बहुधा जिवंत, चिप काढली, चांगली परत बसवली आणि धुळीनं माखलेला, कोळ्याच्या जाळ्यासकट, बाहेर आला. तरी गाणं कुणी थांबवलं नाही. वान-फूंनी तर मुळीच नाही.

घरी चिन-माओनं चिप बसवली, तेव्हा युए-चिननं त्याचं मनगट धरून ठेवलं होतं. वान-फूंनी वायर भिंतीत घातली. पडदा काळा राहिला. काळाच राहिला. मग कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकली आणि अक्षरं धावू लागली. पंखा जुन्याच ओळखीच्या सुरात घोंगावला. चिन-माओ खाली फरशीवर बसला आणि उगाचच हसत सुटला. युए-चिनही हसायला लागली, आणि हसता हसता तिनं डोळे पुसले.

सुया चालू झाल्या. लाल मखमलीवर शेपटाचा पहिला सोनेरी खवला उमटला, मग दुसरा. तिघंही बघत राहिले.

"ती लपवलेली पानं," वान-फूंनी आवाज चढवून विचारलं, "त्यांत काय होतं?"

"माहीत नाही, बाबा. तिथवर पोचलोच नाही."

वान-फूंनी मान हलवली. समितीच्या पंगतीतून कुणीतरी डबा आणून दिला होता. त्यातल्या कालवं घातलेल्या शेवया त्यांनी वाटीत काढल्या आणि जावयाच्या पुढे ठेवल्या.

"खा," ते म्हणाले. "सकाळपासून उपाशी आहेस. आणि शेपूट पुरं होईतो दुसरा हात खिशात ठेव."

चिन-माओनं मुकाट्यानं ठेवला. एका हातानं शेवया खाणं जरा अवघड जातं, पण जमतं.