शिडावरचा सामना

साहेबांचा पडदा म्हणजे धोतर, आणि आपलं शीड म्हणजे आभाळ, असं काळूराम तांडेलानं अख्ख्या कोळीवाड्याला सांगून टाकलं होतं.

साहेब म्हणजे प्रचाराच्या सिनेमागाडीचे. यंदा त्यांनी बजावलं होतं, पुढल्या सालापासून गाडी शेजारच्या काशीदला तरी थांबेल नाहीतर इथं. यंदाच्या खेळाला जिथली माणसं जास्त, तिथं. माणूस धरायचं ते पडद्यासमोर बसलेलं. उभ्याला मोजत नाहीत. गेल्या साली पडदा इतका लहान की मागच्यांना काही दिसेना, अर्धा गाव उठून घरी गेला होता.

"यंदा कोन उठतो बघू," काळूराम म्हणाला.

"न्हाय जमलं तर काशीदला जाऊ. माझा भाऊस हाय तिथं," त्याची बायको सोनूबाई म्हणाली.

नेमकं तेच त्याला नको होतं. मेव्हण्यानं चटई अंथरायची आणि आपण तिच्यावर बसून सिनेमा बघायचा! त्यापेक्षा तो डोळे मिटून बसला असता.

त्यानं होडी पाण्याच्या कडेला वाळूत टेकवली आणि शीड चढवलं. शिडाला सुरकुत्या पडल्या, तेव्हा नांगराचा दोर सोडून त्याच दोरानं त्यानं शिडाचं टोक होडीच्या पिछाडीला आवळून बांधलं.

"अवो, आनि नांगर?"

"होडी वाळूत रुतलीय. कुटं पलून जाते?"

अंधार पडला. काशीदचा मेव्हणा शिवदासही आपल्या गावकऱ्यांना घेऊन हसायला आला आणि ऐसपैस बसला. सिनेमा होता अमेरिकेतल्या पगारी खेळाडूंच्या बास्केटबॉलचा.

"खेलायला पगार?" मासळीवाली सगुणा म्हणाली. "आनि टोपलीला बूडच न्हाय. असली टोपली मी बाजारात नेली तर लोकं मला येड्यात काढतील."

पण शीड पडलं तिकोनी. एक टोपली दिसायची, दुसरी शिडाबाहेर अंधारात. खेळाडू तिकडे धावत जायचे आणि नाहीसे व्हायचे.

"भावोजी, निम्मा खेल दर्यात चाललाय," शिवदास म्हणाला.

काळूरामाचं डोकं फिरलं. त्यानं साहेबांना सिनेमा पहिल्यापासून लावायला सांगितलं आणि स्वतः होडीवर चढून शिडाची आडकाठी फिरवू लागला. एव्हाना भरतीचं पाणी होडीखाली आलं होतं, आणि रोजच्या वेळेला जमिनीकडून मतलई वाराही सुटला होता. हे दोन्ही त्याला जन्मापासून ठाऊक. पण त्या घटकेला तो होडी हाकणारा तांडेल नव्हता, सिनेमावाला होता.

शीड टम्म फुगलं. एक सुरकुती राहिली नाही. दोन्ही टोपल्या लख्ख दिसल्या आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. असलं चित्र साहेबांनीही कधी पाहिलं नव्हतं.

"शीड बारीक का व्हाया लागलं?" धर्मा खलाशी म्हणाला.

होडी निघाली होती. आधी दोन्ही टोपल्या शिडावरून गळाल्या, मग खेळाडूंची डोकी, मग पाय. शेवटी उरलं एका अमेरिकन गड्याचं पोट आणि त्याखाली उभा काळूराम.

"शीड उतरवा!" सोनूबाई ओरडली.

"उतरवलं तर सिनेमा कुटं दिसंल? बसा गप! मोजनी व्हायचीय!"

नवरा दर्यात चालला असताना कुठली बायको बसेल? सोनूबाई पाण्यात शिरली. तिच्यामागं धर्मा, सगुणा, आणि मग सगळा कोळीवाडा कमरेएवढ्या पाण्यात. काळूराम हात जोडून सगळ्यांना बसायला सांगत होता. साहेब वाळूवरून मोजत निघाले. पडद्यासमोर बसलेलं एकूण एक माणूस काशीदचं होतं.

पुढल्या साली शिवदासाचा सांगावा आला, "भावोजी, या. शीड मात्र आनू नका."

सोनूबाईनं हाताला धरून नेलं म्हणून काळूराम गेला. मेव्हण्यानं अंथरलेल्या चटईवर बसलाही. पण मोजणी सुरू होताच ताडकन उठला. काशीदच्या आकड्यात तो मरेपर्यंत बसणार नव्हता.

"ए, खाली बस, दिसत न्हाय!" मागून आरडाओरडा झाला. सोनूबाईनं सदरा धरून त्याला खाली ओढलं, आणि त्याच वेळी साहेब मोजत मोजत चटईपाशी पोचले.