रामटेकेबाईंची रोजची चूक

रामटेकेबाई रोज एक तरी चूक करायच्या, आणि ती मुद्दाम करायच्या. नव्या माणसाला काम शिकवायची ही त्यांची जुनी पद्धत. आमच्या बसडेपोत त्या वाहतूक नियंत्रक, आणि मी त्यांच्या हाताखाली नवा लागलेलो.

रुजू झालो त्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात एक पाटी दिली आणि सावली गावाच्या गाडीला लावून ये म्हणाल्या. मी लावून आलो. पाटी हेमलकशाची होती. सावलीला निघालेली माणसं पिशव्या घेऊन खाली उतरली, कंडक्टर माझ्या अंगावर धावून आला, आणि बाई खिडकीतून शांतपणे म्हणाल्या, "मुद्दाम देल्ली होती. वाचली काऊन नाई?"

तेव्हाच नोकरी सोडावीशी वाटली होती. वरच्या ऑफिसातून मोबाइलवर प्रशिक्षणाचे व्हिडिओ यायचे. थंडगार खोलीतला एक माणूस त्यात गोड आवाजात शिकवायचा. मी ते बघत बसलो की बाई म्हणायच्या, त्याले म्हणा एकदा अहेरीची गाडी वेळेवर काढून दाखव. आणि पुढची चूक रचायच्या. फलाट चुकीचा पुकारायचा आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघायचं. पकडलं तर कौतुकाचा शब्द नाही. सुटलं तर सगळ्या डेपोसमोर माझा पंचनामा.

परिणाम असा झाला की डेपोत कोणी कोणावर विश्वास ठेवेना. ड्रायव्हर चाक हाती घेण्याआधी खाली उतरून पाटी वाचत. कॅन्टीनवाला बाईंनी दिलेली साखर चाखून मगच चहात टाकी. हे खूळ माझ्या घरापर्यंत पोचलं. बायकोनं पाण्याचा पेला दिला की मी आधी वास घ्यायचो. ती म्हणायची, पाणीच आहे ते, प्या नाहीतर तुमच्या बाईंकडेच जाऊन राहा.

मार्कंड्याच्या जत्रेत मात्र पाणी डोक्यावरून गेलं. जादा गाड्या लागलेल्या, पाय ठेवायला जागा नाही, आणि बाईंनी माईकवर मार्कंड्याची म्हणून सिरोंच्याची गाडी पुकारली. लेकरं कडेवर घेतलेल्या बाया धडाधड तिच्यात चढल्या. आजच्या दिवशी परीक्षा घेतात का कुणी? मी त्यांच्या हातातून माईक ओढला, बरोबर गाडी पुकारली, लोकांना खाली उतरवलं, आणि भांडायच्या तयारीनं केबिनमध्ये परत आलो.

बाई हळूच म्हणाल्या, "काय चुकलं होतं, गेडाम?"

मला वाटलं, हीही परीक्षाच. मग त्यांचे हात दिसले. टेबलाची कड त्यांनी घट्ट धरली होती.

गर्दी ओसरल्यावर त्यांनी सांगितलं. वर्षभर असं होत होतं. गावांची नावं निसटत, माणसांची निसटत. मुद्दाम केलेल्या चुकांत नकळत झालेल्या मिसळून जात, आणि आम्ही शिकून तयार झालेली माणसं दोन्ही पकडत होतो. म्हणून कोणाला काही कळलं नव्हतं.

मी वैतागून म्हणालो, मग रजा टाका, घरी आराम करा. त्यांचे यजमान वारलेले, मुलगा पुण्याला.

"इथी तुम्ही सारे पकडता रे," त्या म्हणाल्या. "घरी मले कोन पकडते?"

ज्या बाईंच्या नावानं मी रोज बोटं मोडत होतो, त्यांच्यासमोरच खुर्ची ओढून बसलो. माईकचं काम सोडून डेपोतच दुसरं मागायचं आणि त्याआधी डॉक्टरांना दाखवायचं, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. त्यांनी एकच अट घातली, सोबत मी यायचं.

चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता. बाई ताठ बसून राहिल्या. मग अगदी मास्तरीणबाईंच्या थाटात त्या माझ्याकडे वळल्या.

"सांग, गेडाम."

मी शुक्रवार म्हणालो. डॉक्टरांनी मला बाहेर बसायला सांगितलं. मी उठलो, पण बाईंनी माझ्या शर्टाची बाही धरून ठेवली होती.